दाराजवळची सोय

यादीत सव्वीस घरं होती आणि त्यात केसरचं नव्हतं. महिला मंडळाच्या ग्रुपवर वाडीतल्या मैत्रीनं ती दुपारी सव्वाबाराला टाकली, तेव्हा केसर अलिबागच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी बसून टपालावर शिक्के मारत होती. उजव्या हातात शिक्का, डाव्या हातात फोन. वर्षावासाचं ग्रंथवाचन, रोज संध्याकाळी साडेपाच, आणि खाली वाडीतली नावं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्धवाडीत आळीपाळीनं रोज एकेका घरी ग्रंथ वाचायचा, बायकांनी पांढरी साडी नेसून सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायचं, शेवटी वाटीभर खीर खाऊन घरी जायचं, ही तिथली जुनी रीत. पौर्णिमेनंतरचा पहिला शनिवार केसरचा. तो तिला कुणी दिला नव्हता, पण लग्न होऊन आल्याला पंचवीस वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी ती इस्पितळात होती तेवढा सोडला तर तो कधी चुकला नव्हता. आता त्या शनिवारपुढं शेजारच्या प्रितमच्या घरचं नाव होतं. तिनं यादी परत वाचली. मैत्री शाळेत शिकवते. हजेरीपटातलं एक नाव तिच्या हातून सुटत नाही, मग हे कसं सुटेल? तिसऱ्यांदा वाचून तिनं मान वर केली, तर समोरच्या एकाच पत्रावर तिनं चार शिक्के मारून ठेवले होते.

पोटाच्या डाव्या बाजूला, परकराच्या नाडीच्या वर, पिशवी थोडी गरम झाली. ती अशी गरम झाली की केसरला आता कळतं, अर्ध्या तासात उठावं लागणार. सुरुवातीला काहीच कळायचं नाही. सोळा महिन्यांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सरचा भाग कापून काढला, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून बसवलं. ओठासारखं लालबुंद, ओलं. त्याच्याभोवती चिकटणारी चकती, चकतीवर पिशवी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते सगळं खरं होतं. जेवण जातं, अंघोळ होते, नोकरी होते. त्या तोंडाला दार नसतं, त्यामुळे आतला वारा त्याला वाटेल तेव्हा बाहेर पडतो, कधी मुकाट, कधी चांगला मोठ्यानं, हेही सांगितलं. माणसं त्यावर काय करतात, ते त्यांच्या पुस्तकात नसावं.

माणसांनी काय केलं ते गेल्या आश्विन पौर्णिमेला तिनं पाहिलं. शेवटची केमो होऊन तीन आठवडे झाले होते, डोक्यावरचे केस विरळ झालेले, तरी वर्षावासाच्या समाप्तीला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली. वंदना झाली, मग पाच मिनिटं ध्यान. सगळे डोळे मिटून बसलेले, पंखा तेवढा घरघरत होता, आणि नेमकं त्याच वेळी तिच्या पोटानं तोंड उघडलं. एक पोरगी फिसकन हसली. ते ठीक होतं, पोरींनी नाही हसायचं तर कुणी हसायचं! पण मग कुणीतरी उठून आख्खा उदबत्तीचा पुडा पेटवला. एका बाईनं पदर नाकाला लावला. वास नव्हता. केसर शपथेवर सांगेल, त्या दिवशी वास अजिबात नव्हता; पिशवी घट्ट होती, तिनं घरून दोनदा तपासली होती. बोंबील सुकत घातलेल्या वाटेवरून रोज नाक न धरता जाणाऱ्या या बाया, त्यांना आवाजाचाच वास आला. मग मैत्री वाकून हळूच म्हणाली होती, काकी, तुम्ही दाराजवळ बसा ना, उठायला सोपं जाईल. आणि दाराजवळ एक सतरंजी वेगळी घातली. वेगळी, बाकीच्या सतरंज्यांपासून हातभर लांब. केसर तिथं जाऊन बसली. अजूनही तिला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचाच, की ती निमूट उठली आणि तिथं जाऊन बसली, वर मैत्रीला बरं झालं गो म्हणाली.

त्यानंतर ती विहारात गेली नाही. कचेरी आणि घर, घर आणि कचेरी. मिनिडोर रिक्षात ती ड्रायव्हरच्या शेजारी बसायची, म्हणजे एकाच बाजूला माणूस. जीवन, तिचा नवरा, एसटीच्या डेपोत फिटर, कधी मोठ्या आवाजात बोलला नाही असा माणूस. त्यानं आपली खाट खिडकीखाली सरकवली. झोपेत हात लागायचा, तुला दुखायचं, म्हणाला. हात लागून दुखत नाही, त्या तोंडाला दुखायची सोयच नसते, हे तिनं त्याला सांगितलं. हो का, म्हणाला, पण खाट तिथंच राहिली. एवढी काळजी करणारी माणसं भोवती असताना माणूस एकटा कसा पडतो याचं तिला नवल वाटायचं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं परत दिल्या असत्या. तोंडाची ती कमी नव्हती. पण मायेनं बाजूला सारणाऱ्याला काय म्हणणार? ती न्हाणीत बसायची. चकती दोन दिवसांवर टिकायची नाही, कडेनं गळायची, चामडी सोलवटून निघालेली, आणि ती त्या लाल तोंडाकडं बघत पालथ्या बादलीवर बसून राहायची, कितीतरी वेळ.

अशाच एका रविवारी दुपारी, न्हाणीतच, तिनं फोनवर लिहून शोधलं. पोटावरची पिशवी गळते काय करावे. आधी जाहिराती आल्या, मग एका बाबाचा काढा आला, आणि मग 'पुन्हा पोटभर' नावाचा एक ग्रुप. तीनशे बारा माणसं. महाराष्ट्रात आपल्यासारखी तीनशे बारा पोटं आहेत आणि ती एकमेकांशी बोलतात, हे तिला खरंच वाटेना. आत घेतल्यावर तिनं पहिला मेसेज लिहिला तो कचेरीच्या पत्रासारखा: जय भीम. माझी चकती दोन दिवसपण टिकत नाही. कडेनं गळते. कृपया मार्गदर्शन व्हावे. दोन मिनिटांत एक आवाज आला, भसाडा, मागं ट्रकचा हॉर्न: "वालेकुम जय भीम, ताई. मी शब्बीर, उरणचा. आदी रडून घ्या पायजे तर, मग सांगतो." केसर न्हाणीत हसली. किती महिन्यांनी, ते तिलाही आठवेना. मग त्यानं सांगितलं, आणि जे सांगितलं ते इतकं साधं होतं की तिला रडूच आलं: तेलाचा साबण लावू नका, चामडी खडखडीत सुकू द्या, भोक मापानं कापा, आणि चकती लावल्यावर त्याच्यावर पाच मिनटं हात ठेवून गप बसा, अंगाच्या गरमीनं ती धरते. चकतीलाही कुणाच्या तरी हाताची गरमी लागते म्हणायची. आपलाच हात ठेवून ती बसली. चकती चार दिवस टिकली.

शब्बीर बंदरातून कंटेनरचे ट्रेलर चालवायचा. आतडं फुटलं, पिशवी आली, आठ महिने घराबाहेर पडला नाही. आता पुन्हा गाडी चालवतो, पट्टा पिशवीवर येऊ नये म्हणून उशीचा तुकडा लावतो. आपल्या पोटावरच्या तोंडाला तो शेठ म्हणतो, कारण शेठ वाटेल तेव्हा बोलणार आणि आपण उलट बोलायचं नाही. नाशिकची दिशा, तेवीस वर्षांची, तिच्याला मॅडम म्हणते आणि पिशवी दिसेल असा आखूड टॉप घालून नाचते, त्याचे व्हिडिओ टाकते. पहिला व्हिडिओ केसरनं पदराखाली धरून पाहिला होता, लाजेनं. पाचवा तिनं कचेरीत जेवणाच्या सुट्टीत पाहिला, डबा खात. तिथं कुणी कुणाची जात विचारली नाही, असं म्हणणं खोटं होईल. आडनावं सगळ्यांना दिसतच होती. पण माणसं पहिल्यांदा विचारायची ती आज किती वेळा रिकामी केली, आणि एवढं विचारून झाल्यावर बाकीचं विचारायची कुणाला हौस राहत नसे. एखादीचा रिपोर्ट यायचा असला की सगळा ग्रुप दिवसभर जागेवरून हलायचा नाही. केसरचा सहा महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा जीवननं पेढे आणले; पण तीनशे माणसांनी आपापल्या पोटावर हात ठेवलेले फोटो टाकले, आणि खरं सांगायचं तर तिला पेढ्यापेक्षा ते गोड लागले.

म्हणून यादी आली त्या दुपारी तिनं ती आधी जीवनला पाठवली नाही, 'पुन्हा पोटभर'वर टाकली. खाली लिहिलं, यात माझं घर नाही, माझ्याच माणसांनी गाळलं. धडाधडा उत्तरं आली. कुणी रागावलं, कुणी रडकी तोंडं टाकली. दिशानं लिहिलं, काकू, सोडून द्या त्यांना, आम्ही आहोत ना तुमची वाडी, शनिवारी आपण व्हिडिओवर वाचू, मी पण पांढरा ड्रेस घालते. केसरच्या डोळ्यांत पाणी आलं. किती सोपं होतं ते! घरात पंख्याखाली बसायचं, फोन उशीला टेकवून ठेवायचा, पोट बोललं तर तिकडून चाळीस पोटं बोलतील. कुणी पदर नाकाला लावणार नाही. तिनं चालेल असं लिहिलं, पाठवणार एवढ्यात शब्बीरचा फोन आला. एरवी तो फोन करत नसे. तिनं टपाल बाजूला सारलं आणि व्हरांड्यात गेली.

त्यानं त्याची गोष्ट सांगितली. आठ महिने तोही घरातच नमाज पढायचा, अंगावर पिशवी, मशिदीत कसं जाणार म्हणून. घरचेही म्हणायचे, घरीच कर, तुलाच बरं. मग एक दिवस त्यानं मौलानांना गाठून विचारलं. ते म्हणाले, तू माजूर आहेस, शरीरानं अडलेला, तुला सूट आहे. दर नमाजेला हातपाय-तोंड धुऊन नवा वुजू कर, पिशवी नीट बांध आणि ये. "पयल्या दिवशी मी सगळ्यात मागे, एकटा उभा राह्यलो," शब्बीर म्हणाला. "एका बुढ्यानं हात धरून सफमधे, रांगेत ओढलं, खांद्याला खांदा. ताई, दिशा बच्ची आहे, चांगल्या दिलानं बोलते. आमी तुमचे हाव, कयामतपर्यंत हाव. पन फोनमधे सफ लागत न्हाय. खांद्याला खांदा लागत न्हाय."  व्हरांड्याच्या कठड्याला केसरनं पोट टेकवलं होतं, आणि पिशवी आता चांगलीच भरली होती. तिच्या मनात आलं, याला विचारायला निदान नियम होता. आमच्याकडं तर शिवाशिवीचा नियमच आम्ही मोडून टाकला, सत्तर वर्षं होत आली; मग मी आता परवानगी मागू कुणाला? आणि मागू कशासाठी? तिनं लिहिलेलं चालेल खोडून टाकलं.

संध्याकाळी तिनं जीवनला सांगितलं, पौर्णिमेला मी वाचनाला जाणार. पहिल्या दिवशीचं वाचन नेहमी रखमाआत्याकडं असे. त्या वाडीत सगळ्यांत वडील, जीवनच्या वडिलांची चुलतबहीण. जीवननं चहाची बशी खाली ठेवली. उगा बोभाटा कशाला, म्हणाला, घरात वाच ना, मी ऐकीन. केसर म्हणाली, ऐकाल हो, पण शेजारी बसून ऐकाल की खिडकीखाली बसून? त्यानं बशी पुन्हा उचलून तोंडाला लावली. चांगल्या माणसाची हीच मोठी पंचाईत, त्याला कचाकचा भांडताही येत नाही.

पौर्णिमेला ती साडेपाचच्या आधीच पोहोचली. चकती सकाळी बदललेली, हाताच्या गरमीनं बसवलेली. मैत्री पुढं आली, हसली, आणि तिनं हात केला तो दाराकडं. दाराजवळ, पागोळ्यांच्या ओलीत, एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. या वर्षी सतरंजीसुद्धा नाही, खुर्ची. काकी, इथं वारा चांगला येतो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या, तबकात मोगऱ्याची फुलं होती, आणि उदबत्त्या एक-दोन नव्हे, तांदळाच्या वाटीत मूठभर खोचलेल्या होत्या. केसरनं त्या मोजल्या नाहीत. खुर्चीला वळसा घालून ती सरळ गेली आणि बायकांच्या मधोमध, जिथं ग्रंथाचा पाट होता त्याच्या शेजारी, मांडी घालून बसली. डावीकडची बाई थोडी सरकली. केसरही तितकीच सरकली, तिच्याकडं. गुडघ्याला गुडघा लागला तेव्हा त्या बाईच्या अंगाला घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि तो केसरला फार आवडला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मैत्रीनं वाचायला सुरुवात केली. पानभर झालं असेल, नसेल. केसरला आतून कळलं, आता येणार. पूर्वी अशा वेळी ती हातानं दाबून धरायची, खोकायची, बांगड्या वाजवायची. आज तिनं दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. आवाज झाला. चांगला लांबलचक, मध्ये एकदा थांबून पुन्हा. मैत्री वाचता वाचता अडखळली. कुणीतरी उदबत्त्यांच्या पुड्याकडं हात नेला. "काकी," मैत्री हळू म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, "बाहेर जायचं असलं तर जा हां. संकोच नको. तुमच्याच सोयीसाठी खुर्ची ठेवलीय."

"मला कुठं जायचं नाही," केसर म्हणाली. आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही. "हा आवाज माझ्या पोटाचा. मला तो दाबता येत नाही. तुम्हाला दाबता येतो, फरक एवढाच." कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. "यादीतनं माझं घर काढलंस, तेही सोयीसाठी?"

मैत्रीचे कान लाल झाले. तुम्हाला झेपणार नाही, सगळ्यांची खीर, ऊठबस, म्हणून आम्ही ठरवलं, असं काहीसं ती म्हणाली. आम्ही म्हणजे कोण, हे केसरनं विचारलं नाही. अंगणात पुरुषांच्या घोळक्यात जीवन उभा होता, तो आपल्या चपलांकडं बघत होता. केसरला तिचे आजोबा आठवले. बुधाजी. बोलायचं काही तिनं ठरवून आणलं नव्हतं, पण ते ओठावर आलं, आणि ती बोलू लागली. बुधाजी पावसाळ्यात खोताच्या घरी निरोप घेऊन जायचा. खोत शिवी देणारा नव्हता, गोड बोलायचा. म्हणायचा, बुध्या, तू तिकडं पागोळीखालीच थांब, वर आलास तर परत पाय धुवायला लागतील, तुझीच सोय. पाणी वरनं ओतायचा, तेही त्याच्याच सोयीसाठी, भांडं घासायला नको. "छप्पन साली दीक्षा घेतली ना, तेव्हा माझा आजा म्हणाला, शिवी परवडली असती, पण ही सोय नको. आता तुम्ही मला पागोळीखाली खुर्ची देताय. मी नाही बसणार. आज नाही, उद्या नाही. मेले तरी मला मधूनच उचला."

 बाहेर पाऊस लागला होता, पन्हळीतून पाणी सांडत होतं. मैत्रीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण केसरनं तिची समजूत काढली नाही. सोळा महिने ती लोकांची समजूत काढत आली होती, आता पुरे. आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. रखमाआत्या तिथं बसल्या होत्या. घर त्यांचं, पहिल्या दिवसाचा मान त्यांचा, आणि बसल्या होत्या उंबऱ्यात, भिंतीला पाठ लावून. नेहमीच तशा बसत. सगळे म्हणत, बाईला किती नम्रता!

"माजं आंग भाईर येतंय," रखमाआत्या म्हणाल्या. पावसाच्या आवाजात त्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागलं. "शेतावर वझी उचलून उचलून झालंय. वीस वरसं झाली. फडकं बांदून असतंय मी. वल होती, वास येतो. म्हून मी हतं बसतंय. कुनी सांगितलं न्हाय मना, माजी मीच बसलंय." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं, घाम आल्यासारखं. वीस वर्षं. पंचवीसपैकी वीस वर्षं केसरनं या बाईच्या पाया पडून आशीर्वाद घेतले होते, वाकून, इतक्या जवळून, आणि तिला कळलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग, कुणावर ते सांगता आलं नसतं, कदाचित त्या सगळ्या घट्ट बांधलेल्या फडक्यांवर.

"आत्या, इकडं या," ती म्हणाली. "माझ्या शेजारी."

म्हातारी हललीच नाही. केसरही उठली नाही. हाताला धरून आणणं सोपं होतं, पण तिला वाटलं, हे अंतर ज्याचं त्यानं चालायला हवं. तिनं नुसती आपल्या उजवीकडची सतरंजी हातानं सारखी केली आणि वाट पाहिली. रखमाआत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बायकांनी पाय आखडून वाट दिली. त्या आल्या, अवघडून बसल्या, आणि त्यांचा खांदा केसरच्या खांद्याला लागला. खरोखरच वास होता, ओल्या फडक्याचा, म्हातारपणाचा. केसरनं तो पोटभर घेतला.

"वाच," ती मैत्रीला म्हणाली. "आणि शनिवारी वाचन माझ्याकडं. ज्याला यायचं त्यानं यावं, ज्याला नाही त्यानं खुशाल घरी बसावं, त्याच्या सोयीनं." मैत्री म्हणाली, बघू काकी. केसर म्हणाली, "बघू नको. लिही." मैत्रीनं मान हलवली, होकार होता की नुसतं कळलं म्हणायचं होतं, ते केसरनं तिच्यावरच सोडलं. मैत्री पुढलं वाक्य वाचू लागली, आवाज घोगरा. मध्ये केसरचं पोट दोनदा बोललं. दुसऱ्या वेळी कुणी वळून पाहिलं नाही. एक बाई मात्र लांब जाऊन बसली, ती शेवटपर्यंत तिथंच राहिली. राहू दे.

साधु साधु साधु म्हणून झालं, खीर वाटायला घेतली. त्या गडबडीत रखमाआत्यांनी केसरचा दंड धरला, घट्ट, शेतावरच्या हातानं. त्या इतक्या हळू बोलल्या की केसरला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. "तुजा नवरा सांगीत व्हता, तुजी फोनात मानसं हाईत म्हून. त्यांच्यात माज्यासारक्या बाया हाईत काय गो?"

"असतील, आत्या," केसर म्हणाली आणि वाटी खाली ठेवून तिनं फोन काढला. "नसल्या तर आपण दोघींपासून सुरू करू."